दात आधी कुणाला दाखवला

भालकी, २ मे २००५

पिंकीचा दात हलायलाय. खालचा, पुढचा. मला कळलं ते पण तिच्याकडून न्हाई. बाणूअक्का म्हणाल्या, "रूपा, पोरीला भाकरी दुधात कुस्करून दे गं. दात हलायलाय तिचा." पोर माझी, सहा वर्षांची. तिच्या तोंडात काय चाललंय ते मला जावेनं सांगावं!

४ मे

पिंकीला म्हटलं, दाखव बघू. ओठ घट्ट मिटले. "मोठ्या आईनं बघितलंय." म्हणजे संपलं.

मोठी आई म्हणजे अक्का. मला मम्मी म्हणते — पाहुणीला म्हणावं तसं. आम्ही पुण्याला गेलो तेव्हा दोन वर्षांची होती. एक खोली, दोघांच्या कंपनीच्या पाळ्या. "माझ्यापाशी ठेव पोरीला," अक्काच म्हणाल्या. त्यांना मूलबाळ न्हाई. तेव्हा मी त्यांच्या पाया पडले होते. आता त्या पोरीची वेणी घालायला बसल्या तरी माझ्या पोटात जळतंय. माझ्या हातात फणी दिसली की ती पळते.

७ मे

यंदा तिला पुण्याच्या शाळेत घालायचं, म्हणून तर आलोय. ह्यांनी आज जेवताना सांगून टाकलं. अक्कांचा वाढता हात थांबला न्हाई. "व्हय, पोर आईबापापाशीच पायजे," एवढंच म्हणाल्या. पिंकी रडली न्हाई. उठून अक्कांच्या मांडीवर जाऊन बसली. माझ्या शेजारची जागा तशीच रिकामी.

९ मे

अक्का सकाळच्या बसनं औरादला गेल्या, माहेरी. पिंकी झोपेत होती. दारात मला म्हणाल्या, "दात आज-उद्या पडतोय. तुझ्याच हातात पडू दे. मी असले तर ती तुझ्याकडं यायची न्हाई."

राहा म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं न्हाई. खरं म्हणजे बरंच वाटलं.

१० मे

पोर नुसत्या दुधावर आहे. मला कारण सांगंना. शेवटी तिच्या थोरल्या काकांना म्हणाली, "भाकरी खाल्ली तर दात पडंल. मोठी आई आल्यावर पाडायचाय."

मी पण हट्टाला पेटले. तिच्या आवडीच्या भाजक्या शेंगा पुढ्यात ठेवल्या. बघत बसली, हात लावला न्हाई. मी आई हाय का वैरीण?

११ मे

दात पडला. तोंड धुताना. रक्त बघून "मोठी आई!" म्हणून ओरडली. मग अक्का घरात न्हाईत हे ध्यानात आलं असेल — माझ्याच साडीत तोंड खुपसलं. एवढ्यासाठीच तर चालली होती माझी धडपड. पण ती हुंदके देत विचारायली होती, "मोठी आई रुसली काय माझ्यावर?"

का गेल्या ते मला ठाऊक होतं.

म्हटलं, चल, शेणात घालून पत्र्यावर टाकू दात. "न्हाई." मूठ उघडलीच न्हाई.

१२ मे

पिंकीला घेऊन औरादला गेले. अक्का भावाच्या अंगणात डाळ पाखडत होत्या. पिंकी पळत गेली, मूठ उघडली. दोघींनी शेणाचा गोळा केला, दात आत घातला. अक्का मला म्हणाल्या, "लांब कामून उभारलीस? ये की."

गेले. खोटं कशाला लिहू — तिथंही जळलं. गोळा फेकताना पिंकीनं हात धरला तो त्यांचाच. पण परतीच्या बसमध्ये अक्कांच्या कुशीत ती पोटभर भाकरी खाऊन झोपली, आणि मला तिला तिथून उचलून घ्यावं वाटलं न्हाई.

१५ मे

हे एकटेच पुण्याला गेले. पिंकीला इथल्याच शाळेत घालायचं ठरलं. स्टँडवर म्हणाले, "आणि तुझी नोकरी?" म्हटलं, जाऊ द्या.

परत आले तर पिंकी दारात. "मम्मी, तू कवा जाणार?"

न्हाई जात, म्हटलं.