उरलेलं खायचं नाही

१७ नोव्हेंबर, सोमवार

वजन ७८ किलो ६०० ग्रॅम. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर शरणम्मांनी दोनदा काट्यावर उभं करून खात्री केली. दुसऱ्या वेळी मी चप्पल काढली, पर्स त्यांच्या हातात दिली. आकडा हलला नाही. "ताई, पर्समधी वजन नसतंय," म्हणाल्या.

साखर काठावर आहे. डॉक्टर म्हणाले, तीन किलो उतरवा, मग गोळीचं बघू. नाही उतरलं तर गोळी सुरू. मुदत विचारली. "येळवस झाली की या." मुद्दाम हीच, वेळ अमावस्येची तारीख दिली असणार. येळवशीला रानात जाऊन कमी जेवलेला माणूस आपल्या भागात कुणी पाहिलाय?

माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. एक गोळी, मग दोन, मग सुई. शेवटी पायाचं बोट गेलं. मला त्या वाटेला जायचं नाही. एकोणीस वर्षं नळदुर्गहून पेपरला बातम्या देते आहे, वेळ कधी चुकलेली नाही. ही पण चुकणार नाही.

१८ नोव्हेंबर

लेकीनं, देवश्रीनं, मोबाईलवर डाएट काढून दिलं. ओट्स, ब्रोकोली, बिनसायीचं दूध. नळदुर्गच्या बाजारात मी ब्रोकोली मागितली तर भाजीवाली काळजीनं घरी फोन करेल. शिवाय माझ्यासाठी वेगळं शिजवायचं कधी? सहाला शेवटची बातमी पाठवायची, साडेसातला तवा ठेवायचा. घरात माणसं चार, शेगडीला तोंडं दोन.

तेव्हा नियम माझे मीच केले. भाकरी एक. भाजी दुप्पट. चहात साखर नाही. सकाळी बोरी नदीच्या पुलापर्यंत चालणं. आणि उरलेलं खायचं नाही.

हा शेवटचा नियम महत्त्वाचा. रात्री सगळे जेवून उठले की मी पातेली पुसते, तीही भाकरीनं. वाटीभर आमटी कशाला फ्रीजमध्ये, अर्धी भाकरी कशाला टाकायची, खरडून निघालेला भात कुणाला द्यायचा. बायका जेवणानं जाड होत नाहीत, आवराआवरीनं होतात. हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं.

२० नोव्हेंबर

बिनसाखरेचा चहा. काही लिहिण्यासारखं नाही.

२१ नोव्हेंबर

भाकरी थापताना मोजत होते. मोठ्यानं मोजलं गेलं असावं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवघरातूनच हटकलं. "शामल, भाकरी मोजायची नसती. बरकत जाती."

"डॉक्टरांनी सांगितलंय, आत्याबाई."

"डाक्टरला म्हणावं तुझी तू मोज. आमच्यात न्हाय मोजत."

पंचवीस वर्षं ऐकते आहे हे. खरं तर मोजणं हाच माझा धंदा. सभेला किती लोक होते, किती ट्रक अडकले, किती मिलिमीटर पडला. आता मनात मोजते. ओठ हलवायचे नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पुन्हा कुस्करा. रात्रीची भाकरी उरते, मी खात नाही, मग सकाळी चुरून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन सगळ्यांना. मार्तंडनी ताटलीकडे बघितलं.

"चार दिवस झाले कुस्कराच चाललाय. दुष्काळ जाहीर झाला का? बातमी तरी द्यायचीस."

"अहो, रात्री उरतं ते तुम्ही संपवा, मग सकाळी पोहे."

"आधी उरत नव्हतं."

"आधी मी होते."

ते हसले, मीही हसले. पण दुकानात जाताना कुस्करा दोनदा घेतला त्यांनी. त्यांच्यावरही नजर ठेवावी लागणार.

२६ नोव्हेंबर

चंपाषष्ठी. भरीत-रोडगा. रोडगा एकच खाल्ला. नैवेद्याला नाही म्हणू नये, आणि दुसऱ्यांदा हो म्हणू नये.

२८ नोव्हेंबर

७७.३. शरणम्मा म्हणाल्या, "उतरतंय बघा ताई. काय केलं?" म्हटलं, आवराआवरी सोडली. त्यांना कळलं लगेच. त्यांच्याही घरी पातेली आहेतच.

१ डिसेंबर, सोमवार

एक गोष्ट बसत नाही.

मार्तंडना तीन भाकरी लागतात. देवश्रीला एक. मला एक. आत्याबाई दीड घेतात. सात केल्या तर अर्धी उरायला हवी. रोज पावणेदोन-दोन उरतात. परवापासून पाहते आहे. आधीही उरत असणार, पण मी खाऊन टाकत होते, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. घटनास्थळ रोज रात्री मीच पुसून काढत होते म्हणायचं.

कमी कराव्यात म्हणून आज सहाच थापल्या. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "हात आखडू नगं. दारात कोन आलं तर?" बघितलेलं नव्हतं त्यांनी. परातीवरच्या आवाजावरून कळलं त्यांना.

पहिला संशय मार्तंडवर. दुकान हायवेला, ट्रकचे स्पेअर पार्ट. समोर ढाबा, शेजारी ढाबा.

३ डिसेंबर

जबाब घेतला. भजी खाल्ल्याचं कबूल. "रोज नाही. गाडी उशिरा आली तरच." परवा मटणाचा रस्साही. मी काही विचारलं नव्हतं, ते आपणहून सांगितलं. "पण घरी आल्यावर माझ्या तीन कधी चुकल्यात का? तूच तव्यावरनं वाढतेस की."

खरं आहे. त्यांना आणि देवश्रीला मीच समोर बसवून वाढते. ताट रिकामं झालेलं बघते. देवश्रीलाही विचारलं, डब्यातलं कॉलेजात कुणाला वाटतेस का, बारीक व्हायचं खूळ आहे का.

"मम्मी, एका घरात एकच डाएट पुरे. उलट मला आजकाल जास्त भूक लागते. तू खात नाहीस ना, बघून लागते."

मग कोण?

राहतात आत्याबाई. पण त्यांना मी दीड घेताना रोज बघते. कवळी बसवल्यापासून चारचौघांत जेवायला त्या लाजतात. ताट वाढलेलं चालत नाही. दुरडीतून आपल्या हातानं भाकरी घेतात, वाटीत आमटी घेतात, आत आपल्या खोलीत मालिका लावून बसतात. नंतर ताट मोरीत ठेवतात, जाता जाता दुरडी झाकतात. इतक्या वर्षांचा शिरस्ता.

हिशेबात माझीच चूक असेल. हाताच्या अंदाजानं पीठ जास्त जात असेल.

८ डिसेंबर, सोमवार

७६.४. पुलाच्याही पुढं जाते आता. सकाळी किल्ल्याच्या भिंतीवर ऊन येतं तेव्हा परत फिरते. गुडघा बोलत नाही. आज तहसीलच्या जिन्यावर कुणालाही थांबायला न सांगता वर गेले.

आत्याबाईंना म्हटलं, चला आरोग्य केंद्रात, तुमचंही वजन बघू. फिस्कारल्या. "म्या काय सोयाबीन हाय व्हय काट्यावर ठिवायला? मला इकायचंय का तुला?"

मार्तंड म्हणाले, "भाव पडलाय आई, आत्ता नको."

त्यावर सगळ्यात जास्त त्याच हसल्या.

११ डिसेंबर

शिंप्याकडे दोन ब्लाउज आत घ्यायला दिले. हे वाक्य पुन्हा लिहावंसं वाटतंय. आत्याबाईंनी त्यांचे तीन झंपर त्याच पिशवीत घातले. "धुऊन धुऊन सैल पडल्यात." शिंपी म्हणाला, काय वहिनी, सगळं घरच पथ्यावर आहे काय?

सुती कापड धुऊन आखडतं. सैल पडत नाही. हे घरी आल्यावर, पीठ मळताना सुचलं.

१२ डिसेंबर

आत्याबाई जेवताना दोनदा काही ना काही निमित्त काढून खोलीत गेले. दोन्ही वेळा भाकरी ताटात होती, वाटीत आमटी होती, नजर मालिकेवर होती. "काय गं, चार्जर का?" म्हणाल्या. चार्जर घेऊन परत आले.

नव्या बातमीदार मुलांना मी नेहमी सांगते, ट्रक निघाला ही बातमी वेगळी आणि पोचला ही वेगळी. निघालेला बघून पोचला असं लिहायचं नाही. मी भाकरी निघताना बघते आहे. पोचताना नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

सरळ विचारलं. जेवण जात नाही का? त्यांनी मलाच धरलं. "तुझं तू बग. उपाशी राहून तोंड कसं झालंय बाईचं. येळवशीला पाव्हण्यारावळ्यात म्हणतील, सासू खाऊ घालत न्हाय."

विषय कसा फिरवावा हे पुढाऱ्यांनी त्यांच्याकडून शिकावं. म्हटलं, येळवस होऊ दे. रानात खोली नसते, मालिका नसते, दुरडीवर फडकं नसतं.

१८ डिसेंबर

उद्या येळवस. आंबील मडक्यात लावली. भज्जीच्या भाज्या निवडल्या, वालाचे आणि तुरीचे दाणे सोलले, देवश्रीनं निम्मे खाल्ले. बाजरीचे उंडे पहाटे वाफवायचे. मी एकही दाणा तोंडात टाकला नाही. माझ्याबद्दल मला शंका नाही आता.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

रात्री लिहिणार नव्हते, पण लिहिते.

अणदूरच्या वाटेवरचं आमचं रान. कडब्याची कोप केली होती, आत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली, मार्तंडनी ज्वारीत आंबील शिंपडली. मग पंगत. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून बसवत होते. मी दोन उंडे, भज्जी वाटीभर, आंबील एक पेला. ठरवलं होतं तेवढंच. शेजारच्या रानातले हिंमतराव पातेलं घेऊन मागे लागले होते. "वहिनी, आज पोटाला सुट्टी देता काय?" म्हटलं, सुट्टी नाही, बदली आहे.

आत्याबाई माझ्यासमोरच बसल्या होत्या. आंबील प्यायल्या. परत मागितली, परत प्यायल्या. उंडा मोडला, भज्जीत कालवला, हात तोंडाकडे नेला, आणि हात तसाच खाली आला. तुकडा बोटातच. त्याचे बारके करून पानाच्या कडेला सारले, पान थोडं दुमडलं. इतक्या सफाईनं की शेजारी बसलेल्याला दिसू नये. मग हिंमतरावांनी आग्रह केला, "काकू, माझ्या हातचा एक घास," आणि त्यांना नाही म्हणता आलं नाही.

त्या उठून कडब्याच्या मागं गेल्या. मी पाठोपाठ गेले. वाकल्या होत्या. घास जसाच्या तसा बाहेर आला. मी पाठीवर हात ठेवला तर हाताला नुसती हाडं लागली. नऊवारीच्या घोळात हे कधी दिसलं नव्हतं.

"काय न्हाय. ठसका लागला."

"कधीपासून, आत्याबाई?"

तोंड पुसलं. इकडं तिकडं बघितलं. "दसऱ्यापास्नं. कोरडं उतरतच न्हाय. हितं आडतंय." गळ्याच्या खाली, छातीवर बोट ठेवलं. "पातळ जातंय."

"बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? भाकर वाया थोडीच जात व्हती. म्या दुरडीत परत ठिवायची, आन् तू रातच्याला खायाची. म्हणलं असू दे. माझ्या वाटचं पोरीच्या अंगी लागतंय." वर म्हणाल्या, "तू उरलेलं सोडलंस आन् माझं समदं उघडं पडलं बग."

त्या हसत होत्या. मला हसता आलं नाही. पंगतीत परत येऊन बसलो दोघी. लोकांना वाढायचं होतं.

२० डिसेंबर

मार्तंडना सांगितलं. त्यांनी दुकान उघडलं नाही. थोड्या वेळानं आईच्या खोलीत जाऊन बसले, मालिका दोघांनी बघितली.

हुलग्याचं माडगं केलं, पातळ. आत्याबाई माझ्यासमोर बसून प्यायल्या. पहिल्यांदा. वाटी रिकामी झाली तेव्हा माझ्याकडं वाटी उपडी करून दाखवली. "लिही पेपरात."

२२ डिसेंबर, सोमवार

वजन ३९ किलो २०० ग्रॅम. आत्याबाईंचं. सिस्टर शरणम्मांनी दोनदा काट्यावर उभं करून खात्री केली. दुसऱ्या वेळी हात धरून.

माझं ७५.४. गोळी टळली. ही बातमी आता आतल्या पानावर.

उद्या सकाळी सोलापूर. दुर्बीण घालून बघतील. अन्ननलिका आखडली असेल तर रुंद करता येते, डॉक्टर म्हणाले. दुसरं काही असेल तर तेही कळेल. आत्ता परात घेतली तेव्हा आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "तिघांच्याच कर आता," म्हणाल्या. "मोजून कर."

तपासणी उद्या दुपारपर्यंत होईल असा अंदाज आहे. संध्याकाळी घरी पोचू. पीठ चौघांचं घेईन.