चांदीच्या वाडग्याचा कप

धाकटे, तुला थोरलीचे आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तसेच आहेत, फक्त आवाज वाढलाय. तू जपायला दिलेला आईचा चांदीचा वाडगा परत मागितलास. वाडगा सुखरूप आहे. कुठे आहे ते सांगते, पण आधी नीट बस.

नातीला शाळेत टेनिसच्या एका देशोदेशीच्या कपावर भाषण होतं. तिने ते माझ्यासमोर इतक्यांदा घोकलं की मला पाठ झालं. अगं, सव्वाशे वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका पोराने चांदीचा वाडगा घडवून घेतला आणि दुसऱ्या देशाला म्हणाला, या खेळायला! पहिल्या खेपेला दोनच देश, आता शंभरावर. तीन दिवस, पाच सामने. जिंकणाऱ्यांची नावं भांड्यावर कोरायची. जागा संपली तर खाली बैठक जोडायची. आणि मला आवडलेलं म्हणजे, पहिली सत्तर वर्षं आदला विजेता वर्षभर घरी पाय पसरून बसायचा. बाकीच्यांनी आपसात लढायचं, आणि उरेल त्याच्याशी याने एकदाच खेळायचं. (असा मान मला या घरात कधी मिळाला?)

माझ्या अंगात वारं शिरलं. दोन देश हवेत ना? आपलं घर आणि विहीणबाईंचं घर! त्यांचे दोन मुलगे, आपला मुलगा आणि नात, कप्तान मी. वाडगा चांदीचा हवा, तो तुझा होता. कारखान्यामागचं कोर्ट मिळालं. जिंकणार आपणच, म्हणून आमची तिघांची नावं आधीच कोरून घेतली. सूनबाईला पाण्याच्या बाटल्या भरायला बसवलं. ती कॉलेजात खेळायची, पण ते कोण लक्षात ठेवतंय!

दोन-दोन बरोबरी झाली आणि त्यांच्या धाकट्याचा पाय मुरगळला. मी वाडगा उचलायला निघाले, तर विहीणबाई म्हणतात, "थांबा, आमची मुलगी खेळेल."

मी म्हटलं, "ती आमची सून आहे!"

सूनबाई बुटाची नाडी बांधत म्हणाली, "आई, वीस वर्षं तुम्हीच ऐकवताय ना, माहेरचं वळण, माहेरचं वळण? आज बघाच."

समोर कोण, तर तिचाच नवरा, माझा लेक. धाकटे, काय मारलंय तिने! चेंडू दिसेना, नुसता आवाज. दोन सेटमध्ये लोळवला त्याला. मी कधी उभी राहिले आणि कुणासाठी ओरडले ते विचारू नकोस.

कोरलेलं पुसता येत नाही म्हणे. म्हणून हरलेल्यांची नावं वर आणि जिंकणारीचं खाली बैठकीवर, असा जगातला एकच कप आता विहीणबाईंच्या कपाटात आहे. पाय पसरून बसल्यात.

तुझी थोरली

ता. क. वाडगा पुढच्या वर्षीच सुटेल, आणि तोही सूनबाई आपल्याकडून खेळली तर. तू तिला चार ओळी लिही, की ती आपलीच आहे, थोरलीचं तोंड तेवढं वाईट. मी सांगितलं म्हणून कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. पत्ता तिच्याकडूनच लिहून घेतला (माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही). पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. तिने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "उद्यापासून सराव आहे, कप्तान. बाटल्या तुम्ही भरायच्या."