नजम्याची नोटीस

बाबा, तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली तरी मी तुमच्यावर चिडलेलीच आहे. जिवंत असतात तर एकदा कडकडून भांडलो असतो आणि विषय संपला असता.

इथल्या, आखातातल्या आपल्या मराठी मंडळाची घटना तुम्हीच लिहिलीत, सेक्रेटरी म्हणून. मुंतझा भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये, किचनच्या टेबलावर, आईच्या कणकेच्या परातीशेजारी टाइपरायटर ठेवून. कलम नऊ मला मोठ्यानं वाचून दाखवलंत: वर्गणीचा चौथा हिस्सा बोरीची झाडं जगवायला आणि महिन्याच्या सहलीला, त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. "पण हे घटनेत कशाला?" मी विचारलं. "उद्या माझंच मन फिरलं तर?" तुम्ही म्हणालात. किती हसलो होतो आपण!

शहराबाहेर, मुऐदरच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, तिथे खोलगट जागेत त्या बोरी. तेव्हा सहलीच्या शुक्रवारी बस आधी नजम्याला, कामगारांच्या वस्तीत जाते. एकेका खोलीत आठ-आठ जण राहणारे आपले वेल्डर, ड्रायव्हर, प्लंबर इस्त्रीचे शर्ट घालून चढतात, मग आपण फ्लॅटवाले. तिकडे कबड्डी, भाकरी, बोरं. शेळ्यांनी रोपं खाऊ नयेत म्हणून वेल्डरमामा लोखंडी पिंजरे करून आणतात. "लई खाऊ नको गं," मला म्हणतात, "माझी पोरगी बी तुझ्याएवढीच हाय, बोरं खाती आन् रातभर खोकती."

मग अध्यक्षांना, म्हणजे ऑफिसातल्या तुमच्या साहेबांना, स्टेजसाठी मखमली पडदे आणि स्पीकर हवे झाले. मुंबईचे कलाकार येणार होते ना! कलम बदलायचं तर सर्वसाधारण सभा, आणि सभेची नोटीस दोन ठिकाणी लावायची: मुंतझाच्या जिन्यात आणि नजम्याच्या कॅफेटेरियात. हे पण तुमचंच कलम. नेहमी तुम्ही गाडीत बसायचात आणि मी डिंकाची बाटली घेऊन उतरायचे. त्या दिवशी तुम्ही गाडी थांबवलीच नाहीत.

"बाबा, नजम्याची राहिली."

"राहू दे. उगाच गर्दी होते. यल्ला, चल, उशीर होतोय."

सभा साहेबांच्या हॉलमध्ये. मी सरबत फिरवतेय. नजम्याचं कुणीच नाही. सगळ्यात आधी हात कुणी वर केला? तुम्ही. "बदल मंजूर. खलास." आई अजून सांगते, तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, साहेबांची सही हवी होती. मला ते ऐकायचं नाही. कारण पुढच्या सहलीच्या शुक्रवारी आपण खुबूस रोट्या आणायला नजम्यावरून गेलो, तेव्हा ते सगळे आंघोळ करून, भांग पाडून बसची वाट बघत उभे होते. मामांनी हात केला. तुम्ही काच वर घेतलीत.

पिंजरे गंजले. रोपं शेळ्यांनी खाल्ली.

पुण्याला कॉलेज करून मी लग्नानं परत इथेच आले. आता सेक्रेटरी मी आहे. साहेब अजून अध्यक्षच आहेत, पडदे अजून लालच. परवा सभा आहे, कलम नऊ परत आणायला. नजम्याची नोटीस मी स्वतः जाऊन लावली. मामा पिकलेत आता. "ताई, समदे येतो," म्हणाले, "सायबानं आमची सहल पडद्यात गुंडाळली, ती सोडवू."

मुंतझाच्या जिन्यात मी काहीच लावलेलं नाही. नवऱ्यानं विचारलं, "दोन्हीकडे लावलीस ना?" मी बिनधास्त "हो" म्हटलं. साहेब एकटे खुर्चीत, आपलं कुणीच कसं आलं नाही म्हणून दाराकडे बघतायत, हे मला डोळ्यांनी बघायचंय. सरबत मीच देणार आहे त्यांना.

जिन्यातली ती नोटीस टाइप करून तयार आहे. तिच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहितेय, त्यामुळे नोटीस आणि हे पत्र, दोन्हीही कुठेच जाणार नाहीत. आणि बाबा, एकच सांगते. नजम्याची माणसं फ्लॅटवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मुंतझाची नोटीस लावली असती तरी आम्हीच जिंकलो असतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.