साक्षीदाराची खुर्ची

५ जाने., सोमवार
कट्टाप्रमुख मी. एकमताने निवड, कारण दुसऱ्या कोणी हातच वर केला नाही. घरबोली कट्टा २४ तारखेला, शनिवारी, वसईला आमच्या कॉलेजच्या मागच्या चिंचेखाली. नेहमीसारखं सगळं आपलं आपण. सरांचं भाषण नाही, दीपप्रज्वलन नाही, हुश्श.

नियम यंदा मला सगळ्या वर्गांत जाऊन सांगायचेत, म्हणून एकदा लिहून काढते. घरात बोलतात त्या बोलीत बोलायचं, कागद न बघता. मध्येच पुस्तकी मराठी, हिंदी, इंग्लिश घुसलं की ऐकणारे चमच्याने स्टीलचे पेले वाजवणार. (पेले घरून. चहा त्यातच.) आणि समोर एक खुर्ची. तिच्यावर बोलणाऱ्याच्या घरातलं मोठं माणूस, साक्षीदार म्हणून. बोलणारा चुकला तर साक्षीदाराने उठून स्वतः बोलून दाखवायचं, शेवटी मान डोलावली की बोलणं मान्य. गेल्या वर्षी पाचूबंदरच्या वैभवीची आत्या इतक्या वेळा उठली, की शेवटी आत्याच बोलली आणि वैभवी खुर्चीवर बसली.

शेवटची पाळी प्रमुखाची. हे हात वर करताना डोक्यातच आलं नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. माझी घरबोली कुठली?

६ जाने.
आमची घरबोली म्हणजे संध्याकाळच्या बातम्या. आई कराडची, बाबा देवगडकडचे, आणि चंदनसारच्या या फ्लॅटमध्ये दोघंही अगदी शुद्ध. बाबा तर वॉचमनलासुद्धा 'कृपया' म्हणतात.

जेवताना म्हटलं, "बाबा, मला मालवणी शिकवा ना. आणि २४ला साक्षीदार म्हणून बसायला या."
"त्यात काय शिकायचंय? नीट मराठी येतंय ना तुला."
"पण कट्ट्याला..."
"शनिवारी मला काम आहे."
शनिवारी सुट्टी असते त्यांना. टीव्हीचा आवाज वाढवला. विषय संपला.

९ जाने.
नाही शिकवत तर नाही. मोबाइल आहे. दोन दिवस नुसत्या मालवणी रील्स बघतेय. कमरेवर हात, हेल काढायचा, दर वाक्याला 'मेल्या', मध्ये एखादं भूत, शेवटी मासे. पटकन जमतंय. वैभवीला कॅन्टीनमध्ये करून दाखवलं, ती हसून हसून लोळली. शेजारच्या टेबलावरचेही वळून बघायला लागले. आपण काय कमी आहोत का!

१४ जाने., संक्रांत
आज माती खाल्ली.

तिळगूळ देऊन झाल्यावर हॉलमध्ये दोघांना समोर बसवलं आणि अख्खं करून दाखवलं. कमरेवर हात, भूत, बांगडे, सगळं. आई हसली. बाबा एकटक बघत होते. मला वाटलं खूश होतायत.

झाल्यावर म्हणाले, "छान. आमच्या ऑफिसातले अगदी असंच करायचे." आणि गॅलरीतले कपडे काढायला गेले. ओले होते अजून. ते ओले कपडे घडी करत बसले.

१५ जाने.
आईने सांगितलं. बाबा नोकरीला नवीन होते तेव्हा डबा खाताना लोक त्यांना उभं करायचे. बोल रे काहीतरी तुझ्या भाषेत. हे भाबडे, बोलायचे. सगळे हसायचे, मग तसाच हेल काढून त्यांच्याशीच बोलायचे, साहेबासमोरसुद्धा. बाबांना वर्षभराने कळलं की हे प्रेमाने चाललेलं नाही. तेव्हापासून बंद. लग्न होऊन आई आली तेव्हा ते असेच बोलत होते, आताच्यासारखे.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"
"तू विचारलंस का कधी?"

बाबांशी बोलायला गेले, तर म्हणाले, "अगं त्यात काय, गंमत होती." हे जास्त लागलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ जाने.
मीटिंग. यादी भरत आली. मंडप निखिलकडे. त्यांची गासला केळीची वाडी आहे, साक्षीदारांना द्यायची केळीही तोच आणणार. माझ्या नावापुढे साक्षीदाराची जागा रिकामी, ती त्याने बरोब्बर बघितली.

"अध्यक्षबाई, तुमच्या चंदनसारला गल्लीत चार मालवणी काका मिळतील. एक धरून आणा की. भाड्याचा साक्षीदार."
"आणि तो मान कशावर डोलावणार? मला येतं काय?"
"मग नाव काढ."
"प्रमुख बोलली नाही असं कधी झालंय का?"
"नाय झालं. यंदा होईल."
निखिल वाईट नाही, त्याच्या जिभेला हाड नाही इतकंच.

वैभवी जाताना एकटीच भेटली. तिला बाबांच्या ऑफिसातलं सांगितलं. म्हणाली, तुला हसले तेव्हा मलाही कळलं नाही गं.

रील्सचं सगळं डोक्यातून काढून टाकलंय. आता डोक्यात काहीच नाही.

२० जाने.
बाबा नारळ खवत होते. मी कढीपत्ता निवडत शेजारी. शिकवा म्हटलं नाही, याही म्हटलं नाही. नुसतं विचारलं, "तुम्ही शाळेतून घरी यायचात तेव्हा आजी काय म्हणायची?" (आजी मी बघितलेली नाही, फक्त फोटो.)

त्यांनी अख्खी वाटी खवून संपवली. मला वाटलं ऐकलं नसेल.

मग खवणी धुताना, माझ्याकडे पाठ करून, "'इलस? बस. पेज वाढतंय.' एवढंच. फार बोलायची नाही ती."

आवाज वेगळाच होता. हेल नाही, काही नाही. इतक्या हळुवार भाषेत मी बाबांना कधी ऐकलेलं नव्हतं. मी चुकून "अजून?" म्हटलं आणि ते लगेच शुद्ध झाले. "अजून काय, कोथिंबीर संपली आहे, आणायला हवी."

२३ जाने.
मंडप लागला. खुर्ची लायब्ररीतली, हातांची, पुसून ठेवली. लेक्चरं बुडाली ती बुडाली.

ठरवलंय. येतात तेवढीच वाक्यं बोलायची, खरी. मग पेले वाजले तर वाजले. बाबांना आज काही विचारलं नाही. चहा देताना उगीचच बशीत बिस्किटं जास्त ठेवली. त्यांनी ती परत डब्यात टाकली.

२४ जाने., शनिवार
क्रमाने लिहिते, नाहीतर राहून जाईल.

गर्दी चांगली. निखिलचा काका साक्षीदार म्हणून मस्त, पुतण्या बोलतोय आणि हा एकीकडे केळी सोलून खातोय. वैभवी वादळात अडकलेल्या बोटीबद्दल बोलली, धक्क्यावर बायका कशा बसून होत्या ते. आत्या एकदाही उठली नाही. शेवटी मान डोलावली तेव्हा आत्याचे डोळे भरले होते.

मग मी. खुर्ची रिकामी. निखिलने माइक देताना डोळ्यांनी मागे दाखवलं. सायकल स्टँडजवळ बाबा. हातात भाजीची पिशवी. चंदनसार सोडून त्यांना इतक्या लांब वसईत भाजी घ्यायचं काय कारण?

मी म्हटलं, "माका मालवणी येत नाय. माझ्या बापाशीक येता."

सगळे वळले. बाबा जागेवरच. आता निघून जातील असं वाटलं. पण ते आले, पिशवी पायाशी ठेवली, खुर्चीत बसले. मला रडूच येत होतं.

आजीचं वाक्य सांगितलं. बरोबर आलं असावं, कारण बाबांनी खाली बघितलं. पुढे मला येतच नव्हतं. "आणि मग ती त्यांना..." झालं, पेले वाजले. मी थांबले. नियमाप्रमाणे साक्षीदाराने उठून सांगायचं. वैभवीने त्यांच्यापुढे माइक धरला.

बाबा उठले. शर्ट नीट केला. "माझी आई," म्हणाले. पेले. हसले ते, आम्हीही हसलो. "म्हणजे, माझी आवस. आवस माका... मला जवळ घेऊन..." पेले. पोरं रंगात आलेली, चांगल्या मनाने वाजवत होती, इतका वेळ सगळ्यांनाच वाजवत होती. बाबांनी परत तोंड उघडलं. मिटलं. शोधत होते. मी समोर उभी, मला दिसत होतं. ऑफिसातल्यांच्या भीतीने गप्प बसलेत असं मी धरून चालले होते, आईही. तसं नव्हतं. शब्दच नव्हते तिथे.

"विसरलो," ते म्हणाले.

त्यालाही कोणीतरी पेला वाजवला.

मग ते बसले, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. टाळ्या वगैरे. यादीत माझ्या नावापुढे 'मान्य'. वैभवीची आत्या उठून त्यांच्याजवळ गेली, "भाऊ, पानी प्या आदी." दोन्ही हातांनी पेला धरून प्यायले.

परत येताना रिक्षात म्हणाले, "कार्यक्रम चांगला केलात तुम्ही मुलांनी." मी त्यांचा हात धरला. सोडवून घेतला नाही.

२५ जाने., रविवार
निखिलचे मेसेज, फोटो, वा वा. एकही उघडला नाही. मला मालवणी येत नाही, त्याचं काही नाही, मला कधी येतच नव्हती. त्यांची होती. गेलीय हे त्यांना काल कळलं, माइकवर, सगळ्यांसमोर, आणि त्या खुर्चीपर्यंत त्यांना मीच आणलं. आईला म्हटलं. आई म्हणाली, "कधीतरी कळणारच होतं." मला नाही पटत. नसतं कळलं तर काय बिघडलं असतं?

दुपारी बाबांनी आक्काआत्याला फोन लावला. त्यांची मोठी बहीण, गावी असते. एरवी फोन तीच करते, तीच बोलते, बाबा नुसतं हं हं. आज स्वतः लावला. हॉलमध्ये उभं राहून, "हॅलो आक्का, कशी आहेस?" आणि थांबले. पलीकडून आत्या हॅलो हॅलो करतेय ते मला इथपर्यंत ऐकू येत होतं.

ते गॅलरीत गेले. काचेचं दार ओढून घेतलं.

बराच वेळ बोलत होते. अडत होते मधे मधे, मोकळा हात हवेत नुसताच फिरायचा. एकदा हसले. आईने मिक्सर लावला होता, तो बंद केला. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. ओठ हलताना दिसत होते. कुठल्या भाषेत, ते ऐकू आलं नाही.