आबांची ठासणीची बंदूक

रविवार, संध्याकाळ. जुळे सोलापूर.

मक्यात रानडुकरं येतात आणि आबांचे हात थरथरतात, म्हणून मीच ठासणीची बंदूक शिकायला गावी गेले. आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, आणि गजाने ठासायचं. आबा भरून दाखवत होते. गजावरची खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी, ती वरच राहिली. दारू दोनदा पडली होती.

"आबा, दारू मघाशीच घातली की."

"न्हाय गं, आत्ता कुटं घातली?"

गज चांगला चार बोटं वर होता. तरी ऐकेनात. बार काढला असता तर नळीच फुटली असती. मी बंदूक ओढून घेतली, नळीत पाणी ओतलं.

निघताना बार पेटवायच्या केपांची डबी गुपचूप पर्समध्ये घातली. स्टँडवर आबा म्हणाले, "फुडच्या रविवारी ये, नीट शिकवतो."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?