पांगाऱ्यावरची द्राक्षवेल

जुन्नर. आश्विन शु. १२, शके १८२८

उस्मानभाई बागवान सकाळी चाकू परजून आले. गावातल्या द्राक्षवेली त्यांच्याच हातून छाटल्या जातात. आमच्या परसातली तेवढी राहिली होती. आमची ही चाकूच्या आडवी उभी राहिली. "हात लावायचा नाही."

उस्मानभाई हसले. "वहिनी, आता कापली न्हाई तर द्राक्षं न्हाईत. नुस्ता पाला व्हईल. मग शेळी पाळा."

ही हसली नाही.

आमच्या मुलाची, बाळूची वेल. पांगाऱ्याची फांदी रोवली, ती जगल्यावर तिच्यावर चढवली. एकेक फाटा त्याने केळीच्या सोपटाने बांधला. तो प्लेगात गेला, माळावरच्या झोपडीत. त्याचे कपडे, अंथरूण, दप्तर, सगळं जाळावं लागलं. त्याच्या हातच्या म्हणून या गाठी राहिल्या. छाटायची म्हणजे त्या जाणार.

कार्तिक व. ६

ही एक वेळ जेवते, तेही वेलीला पाणी घातल्यावर. माझ्याशी कामापुरतं बोलते.

आज म्हणाली, "न कापता फळ येत नाही, असं कुठे लिहिलंय?"

मी शाळामास्तर. रात्री पुस्तकं चाळून पाहिली.

मार्गशीर्ष शु. ४

उस्मानभाई थट्टेत बोलून गेले, मुळाशी सुकट पुरलं की वेल माजते. थट्टाच, कारण ब्राह्मणाच्या परसात मासळी कोण पुरणार. हिने ते धरून ठेवलं. चातुर्मासात कांद्याला न शिवणारी बाई. घाटाखालून बाजारात आलेलं सुकट त्यांच्याकडून टोपलीभर मागवलं. मी खणून दिलं. नाकाला पदर न लावता हिने आपल्या हाताने पुरलं, मग विहिरीवर डोक्यावरून स्नान.

संध्याकाळी शेजारच्या गोदूकाकू कुंपणावरून, "मास्तर, काय वास हा! कोकणातले व्याही उतरलेत का?"

माघ व. १४

वेल माजली. पानं तळहाताहून मोठी. घोस एकही नाही.

गोदूकाकू हिला भीमाशंकरला चल म्हणत होत्या.

"पाणी कोण घालील?"

"मास्तर आहेत की."

हिने माझ्याकडे पाहिलं. गेली नाही.

फाल्गुन शु. ८

गावाबाहेरचे पांगारे लाल झालेत. आमचा फुलला नाही. वेलीखाली दिसतही नाही.

उस्मानभाई आज हसले नाहीत. "झाड गुदमरलंय, मास्तर. लई वजन झालंय. मी सुकटाचं उगाच बोलून गेलो. वाऱ्याच्या आधी वेल हलकी करा."

हिला सांगितलं नाही. कसं सांगायचं ते…

चैत्र शु. ९, शके १८२९

ही रामाच्या देवळात गेली असताना एक फाटा कापला. एकच. एक गाठ खाली पडली. कापल्या जागेतून पाणी ठिबकू लागलं, थांबेना. ही परत आली तेव्हा मी चाकू धरून तिथेच होतो.

आत गेली. जुन्या लुगड्याची चिंधी शेणात भिजवून तिथे बांधली. मग पालापाचोळ्यात हाताने चाचपत गाठ शोधली.

मी चाकू फडताळात ठेवून दिला. पुढे कापायचा धीर नाही.

वैशाख व. २

वळवाचं वादळ. पांगारा बुंध्यात मोडला. आत नुसता भुसा. वेल त्याच्यासकट आडवी.

उस्मानभाई म्हणाले, "उभी करायची तर निम्मी कापाया लागंल, वहिनी."

"निम्मी कुठली?"

त्यांनी पडलेल्या फाट्यांवरून हात फिरवला आणि चाकू कमरेला खोचला.

ज्येष्ठ शु. १०

ही वेलीवर ओली पोती घालते. तरी पानं वाळताहेत. हिचे हात काटक्यांसारखे झालेत. वैद्यांनी नाडी पाहिली, दुखणं सापडत नाही म्हणाले. वेल गेली तर ही…

लिहीत नाही.

आषाढ शु. ३

उस्मानभाई पांगाऱ्याचा नवा खुंट घेऊन आले. तो भार घेईपर्यंत वेलीला मेढीचा टेकू द्यायचा म्हणाले. वेल जिवंत असली तर, असं काही म्हणाले नाहीत.

हिने चाकू आणून माझ्यापुढे ठेवला. "कुठून ते दाखवा. कापीन मी."

आधी हिने गाठी सोडवल्या. नखांनी, एकेक, तुटू न देता. दुपार त्यात गेली.

मग मी कमरेइतक्या उंचीवर बोट ठेवलं. हिने कापलं. आत तपकिरी, कोरडं. उस्मानभाई पाठ फिरवून खुंटाभोवतीची माती दाबत राहिले. दाबून झाली होती तरी.

हिने हात वीतभर खाली सरकवला. "इथे?"

कापलं. कोरडंच.

"अजून खाली?"

इतक्या महिन्यांत हिने माझं मत विचारलं नव्हतं. खोटं बोलावंसं वाटलं.

"अजून खाली."

ही चिखलात बसली. कापत गेली. एका जागी सालीखाली हिरवट, ओलं दिसल्यासारखं झालं. मला दिसलं. हिला दिसलं नाही. उस्मानभाईंना विचारलं, ते म्हणाले, "उजेड कमी हाय."

पावसाचा जोर वाढला, कापणं थांबलं. जमिनीवर आता चार बोटं लाकूड उरलं आहे. मी आत आलो. ही अजून तिथेच, चाकू मांडीवर ठेवून.