बाबा घरीच आहेत

प्रिय तुइ,

पाच महिने फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आधी बातमी ऐक: बाबा घरी आहेत! मार्च संपत आला, रानं पेटलीत, धुरात समोरचा डोंगर दिसत नाही, तरी बाबा घरी! गेल्या वर्षी चार वेळा इस्पितळात नेलं होतं. सोडलं की दहा-पंधरा दिवसांत पुन्हा धाप, पुन्हा ऑक्सिजन. आत्ता काठी घेऊन कोंबड्या हाकताहेत आणि माझ्यावर खेकसताहेत, ‘हा मास्क काढू दे की गं, कैदाशिणी!’ काय गोड वाटतं म्हणून सांगू!

झालं असं. भातकापणीत चौथ्यांदा घरी आणलं, तर तिसऱ्याच दिवशी रत्तिया नावाची नर्स दारात हजर. फुप्फुसाच्या जुन्या रोग्याला सोडलं की आठवड्याच्या आत घरी जाऊन बघायचं, असा इस्पितळाचा नवा नियम. मला रागच आला. गावाची आरोग्यसेविका मी, बारा वर्षं झाली; माझ्याच घरात ही काय बघणार? तिने चिकट भात खाल्ला, मिरचीची चटणी वाखाणली आणि म्हणाली, ‘आजोबा, पंप कसा घेता? करून दाखवा की.’ बाबांनी ऐटीत पंप उचलला, आपण सर्दी झाली की यादोमची नळी हुंगतो ना, तसा नाकपुडीला लावला, दाबला आणि जोरात ओढला! अरे, वर्षभर, सकाळ-संध्याकाळ, न चुकता, सगळं औषध नाकात! रत्तिया हसली नाही. ‘तोंडाने, आजोबा,’ म्हणाली आणि पुन्हा पुन्हा करून घेतलं. मग दर आठवड्याला येत राहिली. तेव्हापासून इस्पितळाची पायरी चढलो नाही आम्ही!

तुइ, चौथ्या वेळी तू इस्पितळातच ओरडलास, ‘औषध मुद्दाम घेत नाही तुम्ही, मरायचंच असेल तर मरा,’ आणि तडक कारखान्यावर निघून गेलास. बाबा म्हणत होते, घेतो रे, रोज घेतो. खरं बोलत होते ते. तो पंप त्यांच्या हातात पहिल्यांदा मी दिला. त्या दिवशी अजून सहा घरं करायची होती, घाईत म्हटलं, ‘सोप्पंय बाबा, यादोमसारखं ओढायचं.’ त्यांनी माझं अक्षरशः ऐकलं. रत्तियाने विचारलं, हे असं कुणी शिकवलं? बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘म्हातारा झालो, विसरलो.’ मीही गप्प बसले. आज पहिल्यांदा सांगतेय, तुला. सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, ये. बाबांच्या हातावर पाणी घालून क्षमा मागायची आहे. आधी मी मागेन, मग तू.

तुझीच,
खम्पिनताई